चाळीस किलोमीटरची हद्द

"हे इथंच आहेत, बाई. अगदी जवळ." शेतकऱ्याने हातातल्या विळ्याने पूर्वेकडे दाखवलं. "तेवढ्या धानाच्या बांध्या वलांडल्या का दिसलीच जोडी."

सारस पक्ष्यांची जोडी! वत्सलाने पुढचं ऐकून घेतलंच नाही. सायकल वळवून ती मातीच्या वाटेला लागलीसुद्धा. "इंदू, चल! चंदना, ये गं, जन्मात पाहिले नसशील!"

मी हँडलवरच्या अंतर मोजायच्या डबीकडे पाहिलं. सकाळपासून बावीस किलोमीटर झाले होते, पुढे सोळा उरले होते. म्हणजे अडतीस. त्या दिवशीची माझी हद्द चाळीसची होती, तेव्हा दोन किलोमीटर हाताशी होते. जवळ म्हणजे जाऊन-येऊन तेवढंच होईल, असं धरून मी दोघींच्या मागे निघाले.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा नागपूरला आम्ही तिघी रोज सकाळी सायकल चालवायचो. वत्सला ठवकर मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी तिच्या गळ्यातली शिट्टी काही निघाली नव्हती. इंदू रहांगडाले पोस्टात होती. तिचं माहेर तिरोड्याकडचं, त्यामुळे भंडारा-गोंदियाचा सगळा तलावांचा मुलूख तिला आपल्या अंगणासारखा वाटे, आणि अंगणात कुणी रस्ता विचारत नाही तशी तीही विचारत नसे. तिसरी मी, चंदना पळसापुरे. सायकल मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले, इतवारीतल्या आमच्या मंदिरामागच्या बोळात, साडी खोचून, वत्सलाच्या शिव्या खात.

आमचा एक प्रघात पडला होता. दर डिसेंबरात सकाळी फिरताना भेटणाऱ्या मंडळींकडून वर्गणी काढून एक नवी सायकल घ्यायची, तलावांच्या मुलखातून चार दिवस चालवत न्यायची आणि चौथ्या दिवशी कुठल्यातरी खेड्यातल्या मुलीला द्यायची. शाळा लांब म्हणून जिचं शिक्षण थांबतंय अशा मुलीला. सायकल टेम्पोत टाकून का नाही पाठवायची, असं लोक विचारत. वत्सलाचं म्हणणं असं, की नवी सायकल पहिले चार दिवस कुरकुरते, चेन पाडते, ब्रेक चावते. तो तिचा त्रास आपण काढायचा, पोरीच्या हातात शहाणी झालेली सायकल द्यायची. दोघी आपापल्या सायकलवर आणि जिची पाळी असेल ती नव्या सायकलवर. पहिल्या वर्षी वत्सलाची पाळी झाली, दुसऱ्या वर्षी इंदूची. त्या वर्षी माझी होती.

सायकल पिपरटोल्याच्या आचल मारबतेला द्यायची होती. आठवीतली मुलगी. शाळा तलावापलीकडे, घरापासून साडेचार किलोमीटर. वडील मोतीराम तलावावर मासोळ्या धरत. आदल्या रात्री शाळेच्या गजभिये बाईंचा फोन आला होता.

"बाई, उद्या नक्की या जी," त्या म्हणाल्या. "मोतीरामभाऊ म्हणतो, मागल्या वर्षी पण कोणी दप्तरं देतो म्हणून गेले, ते गेलेच. आचलची आत्या न्यायला आली आहे वडशाहून, तिच्या घरी लेकरू झालं ते सांभाळायला. सायकल दारात दिसली तर पोरगी शाळेत राहील, नाहीतर परवाच्या पहिल्या गाडीनं वडशाला. चार वाजता मी सगळ्यांना शाळेत बोलावलं आहे."

"चारच्या आधी पोचू," वत्सलाने सांगून टाकलं.

आता माझ्या हद्दीचं सांगते. आम्हा जैनांत हा नेम जुना आहे. सकाळी पाठ झाला की मनाशी मर्यादा घ्यायची, की उद्याच्या सूर्योदयापर्यंत मी इतक्याच्या बाहेर जाणार नाही. घरी असले की माझी हद्द म्हणजे मंदिर, बाजार आणि लेकीचं घर. प्रवासात गावं बदलत राहतात, म्हणून आमच्या साध्वी माताजींनी मला अंतर धरायला सांगितलं होतं. रोज निघताना मी इंदूला विचारायची, आज किती, आणि ती सांगेल त्यात दोन मिळवून हद्द घ्यायची. का विचारते ते त्या दोघींना ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं मी हा नेम करत होते, आणि एकदाही मोडला नव्हता.

न सांगायला कारण होतं. पहिल्याच दिवशी माझ्यापायी दीड तास मोडला होता. रस्त्यावरच्या हॉटेलात मी म्हटलं, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, आणि सूर्य मावळायच्या आत हवं. हॉटेलवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"मग बाई, तुम्ही खाता काय?"

"हवा," वत्सला म्हणाली. "आणि तीही गाळून."

सगळं हॉटेल हसलं. मीही हसले. पण मनात ठरवलं, आता चार दिवस आपल्या नेमाचा कुणाला एक मिनिट त्रास होऊ द्यायचा नाही.

तर सारस. वाट संपता संपेना. बांध्यांमागून बांध्या, कापलेल्या धानाची खुंटं, चिखलाचे वाळलेले गोळे. शेवटी एका पाणथळीशी वत्सलाने हात वर केला आणि आम्ही थांबलो. माणसाएवढे उंच दोन पक्षी, राखाडी अंगाचे, लाल मानेचे. एक दाणे टिपत होता, दुसरा नुसता उभा. मग उभ्याने पंख पसरले आणि जागच्या जागी एक उडी घेतली, कुणाला काही दाखवायचं नसताना घ्यावी तशी. पहिल्याने मान वर केली, तोही उडाला. दोघांनी गळे उंच करून जी आरोळी दिली ती त्या सगळ्या शिवारात फिरली.

"ओ माय," इंदू एवढंच म्हणाली.

मी हात जोडले. मग डबीकडे पाहिलं. चोवीस. येतानाच दोन झाले होते, जायचे दोन वेगळे. चोवीस, सव्वीस, आणि सोळा. बेचाळीस.

सांगायची वेळ तीच होती. पण सांगून काय झालं असतं? आलेलं अंतर कुठे परत जाणार होतं? असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे वत्सलाचा चेहरा इतका फुलला होता, की त्यावर पाणी टाकायचं माझ्या जिवावर आलं. काहीतरी होईल, इंदूचा अंदाज नेहमी चुकतो, आजही चुकेल, असं म्हणत मी पायडल मारत राहिले.

त्या एका दिवशी इंदूचा अंदाज चुकला नाही.

पिपरटोल्याचा तलाव जुना, कोहळी लोकांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेला. त्याची पाळ म्हणजे मातीचा उंच लांबलचक बांध. वर बैलगाडीपुरती वाट, उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला दोन पुरुष खाली धानाची शेतं. पाळीवर चढलो तेव्हा अडीच वाजले होते. पाण्यावर बदकांचे थवे होते, वत्सला शिट्टी वाजवत पुढे होती. समोर दूर, तलावाच्या पार टोकाला, शाळेची कौलं आणि त्यावरचा झेंडा दिसायला लागला.

डबीवर एकोणचाळीस आणि नऊ आलं. मी ब्रेक दाबला आणि उतरले.

"पंक्चर?" वत्सला थोडं पुढे जाऊन थांबली.

"नाही."

"चेन?"

"नाही. वत्सला, माझी आजची हद्द संपली."

दोघी माघारी आल्या. मी सगळं सांगितलं. नेम काय, आकडा काय, सारसांपाशी काय झालं. माझ्या हिशोबाने शंभर मीटर शिल्लक होते. पुढे पाळीवर मोहाचं एक मोठं झाड होतं, तिथपर्यंत.

"आणि शाळा?"

"झाडाच्या पलीकडे दोन किलोमीटर."

इंदू मटकन पाळीवर बसली. "मग मागं चल. त्या मागच्या गावात थांब."

"मागे गेलं तरी अंतर होतंच ना."

"म्हणजे तू उद्या सूर्य उगवेपर्यंत इथं? या पाळीवर?" इंदूने इकडेतिकडे पाहिलं. "अन् जायबियचं झालं तर?"

"शंभर मीटर आहेत की."

इंदूला हसू फुटलं. वत्सलाला नाही. तिने हेल्मेट काढलं. "ठीक आहे. तू बस. सायकल दे इकडे. माझी इथं राहू दे, ही मी नेते."

मी हँडल सोडलं नाही. या नेमात आपण जायचं नाही, एवढंच नसतं. हद्दीबाहेर कुणाला पाठवायचं नाही, बाहेरून काही मागवायचं नाही. बाहेरच्याला हाक मारायची नाही, खूण करायची नाही, इतकंच काय, लक्ष वेधायला खडासुद्धा टाकायचा नाही. आपण आत बसायचं आणि काम बाहेर करून घ्यायचं, तर मग हद्द ती कसली? हे मी हळू आवाजात सांगितलं.

"म्हणजे मी हिसकावून नेली तर चालेल," वत्सला म्हणाली.

मी काही बोलले नाही.

"बघ! बघ इंदू, हेच! पाच वर्षं हेच चाललं आहे. ही गप्प बसणार, आपण ओळखायचं. हिला थंडी वाजली का, हिला भूक लागली का, हिचं काही मोडून राहिलं का. तिथं शेतात तोंड उघडलं असतंस तर मी एक पाऊल टाकलं नसतं त्या वाटेवर."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुला ते बघायचे होते."

"मला पक्षी बघायचे होते, का तुला देवी व्हायचं होतं?"

हे तिने ओरडून नाही म्हटलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ऐक," ती म्हणाली. "मी हिसकावणार नाही. तू तोंडाने म्हण, वत्सला, सायकल घेऊन जा. चार शब्द. म्हटलेस की निघाली मी."

चारच शब्द होते. गळ्यापर्यंत आले. बावीस वर्षं आडवी आली.

वत्सलाने हेल्मेट चढवलं. "चारला अजून वेळ आहे. मी जाऊन त्या लोकांना थांबवते, काय झालं ते खरं खरं सांगते. पाऊण तासात परत येते. तोवर तू ठरव. त्या पोरीचं बोचकं बांधून तयार असेल, एवढं ध्यानात ठेव."

इंदूने जाताजाता तिची पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवली. मग आठवून परत उचलली. "गाळलेलं नाही गं हे," म्हणाली, आणि गेली.

मी बसले. समोर नवी सायकल उभी होती, निळी, हँडलला आचलच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. चार दिवसांत मला तिची प्रत्येक खोड कळली होती. पुढचा ब्रेक कडक. चढावर चेन एकदा कट्ट करते, मग मुकाट्याने चालते. माळ काढली, जप करू लागले. जप होईना. दर मण्याला ते बोचकं डोळ्यापुढे यायचं, म्हणजे मी न पाहिलेलं बोचकं, त्यात दोन फ्रॉक, कंगवा, आणि कदाचित आठवीचं एखादं पुस्तक, वडशाला वाचीन म्हणून घेतलेलं.

मी उठले. सायकल हातात धरून झाडाच्या दिशेने चालू लागले. झाडापाशी थांबून विचार करायचा, असं काही मनात नव्हतं. पुढचं चाक मोहाच्या सावलीत शिरलं तेव्हा पाळीवर समोरून दोन माणसं येताना दिसली. एक उंच, खांद्यावर जाळ्याची घडी. दुसरी गणवेशातली, दोन वेण्या, लाल रिबिनी.

मला जे हायसं वाटलं त्याची मला लाज वाटली.

मोतीराम मारबते झाडाच्या पलीकडेच थांबला. "तुम्हीच का जी ते नेमवाल्या बाई?"

"हो."

"ते मोठी बाई सांगत होती शाळेत. आमची मैत्रीण येडी आहे म्हणे, पण शब्दाची पक्की आहे, तिथंच बसून असेल. म्हटलं, पाहून येऊ." त्याने झाडाकडे पाहिलं. "या झाडापर्यंतच का तुमची हद्द?"

"झाडापर्यंतच."

"अन् वलांडलं तं?"

"मोडेल."

"मोडलं तं का होते?"

"काही होत नाही. मोडलेलं असतं, एवढंच."

तो मान हलवत राहिला. "माझा बाप शनवारी जाळं टाकत नव्हता. मोठमोठ्या मासोळ्या समोर उड्या मारत, लोक हसत त्याला. आई बडबड करे. तो बिडी ओढत बसून राहे." मासोळीचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. पण त्याच्या बापाचं ऐकून मला वाटलं, हा माणूस ओळखीचा आहे.

आचल तोवर झाडाच्या अलीकडे येऊन सायकलपाशी उभी राहिली होती. तिने चिठ्ठीवरचं नाव बोटाने वाचलं.

"चालवता येते?" मी विचारलं.

"कैची येते." म्हणजे मोठ्या माणसांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून, अर्धं अर्धं पायडल मारत. "सीटवर नाही बसली कधी."

"मंग आज बस," मोतीराम म्हणाला. "हे पाहा बाई, सायकल आली, दिसली. पण रोज या पाळीवरून जाणं आहे, एका बाजूनं पाणी, एका बाजूनं खाई. पोरगी एकटी जाईल का नाही, ते मले पाहणं आहे. इथून शाळेपर्यंत चालव. पाय टेकला तं आत्यासंगं वडशाला. नाही टेकला तं शाळा."

"पहिल्यांदाच बसतेय ती सीटवर," मी म्हटलं.

"रोजच्या रस्त्याला पहिला दिवस राहतेच ना जी."

मी पाना काढून सीट दोन बोटं खाली केली. आचलने पकडायला मदत केली. मी म्हटलं, "पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस, तो चावतो. मागचा दाब. चेन कट्ट झाली तर घाबरू नकोस, ती असंच करते."

"तुम्ही पकडाल ना मागून?" तिने विचारलं.

"झाडापर्यंत."

मी कॅरिअर धरून धावले. त्रेपन्नाव्या वर्षी, साडीत. सावली संपली तिथे हात सोडला. सायकल डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि मग सरळ झाली. मोतीराम हाताची घडी घालून उभा होता. पन्नास पावलं गेली, शंभर गेली. माझ्या ओठांत णमोकार मंत्र होता.

आणि मग पाण्यातून म्हशी वर आल्या. पाच-सहा असतील. अंगावरून पाणी निथळत त्या पाळीवर चढल्या आणि वाटेत आडव्या उभ्या राहिल्या, जशा म्हशी उभ्या राहतात, जगात कुणाला कुठे जायचं आहे याची काहीच कल्पना नसल्यासारख्या. आचलने त्यांना पाहिलं आणि मान वळवून मागे पाहिलं, बापाकडे. मान वळली तसं हँडल वळलं. चाक पाण्याच्या कडेला गेलं. तिचा डावा पाय पायडलवरून सुटून जमीन शोधू लागला.

मोतीराम हलला नाही. त्याने पाहायचं ठरवलं होतं, तो पाहत होता.

"मागे बघू नकोस!"

हा आवाज कुणाचा ते मला क्षणभर कळलं नाही.

"आचल! पुढे बघ! पायडल मार! पायडल! डावीकडून जागा आहे, काढ, डावीकडून काढ! घंटी वाजव! अगं वाजव ना घंटी!"

पाय वर गेला. घंटी वाजली. एक म्हैस दोन पावलं सरकली, उपकार केल्यासारखी, आणि ती निळी सायकल तिच्या शेपटाला लागून पलीकडे गेली.

मी थांबले नाही. "शाब्बास! मार! थांबू नकोस! चेन कट्ट करेल, करू दे!" मी हात हलवत होते, टाळ्या वाजवत होते. ती पाळीच्या वळणावर जाऊन दिसेनाशी झाली तरी मी ओरडत होते. गळा बसला तेव्हा थांबले.

मोतीराम माझ्याकडे बघत होता. "बाई, झाडाच्या पलीकडं आहे ना जी ते?"

"हो."

"मंग मोडलं का?"

"मोडलं."

त्याने जाळ्याची घडी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली, आणि त्या बाजूला तोंड करून हसत राहिला, जिकडे पोरगी गेली होती.

वत्सला आणि इंदू अर्ध्या तासाने आल्या. वत्सला उतरली नाही, सायकलवर एक पाय टेकून म्हणाली, "ओरडलं कोण?"

"मला वाटलं म्हशीवाली," इंदू म्हणाली. "पाण्यावरून शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू आलं बाई. गजभिये बाई धावत बाहेर आल्या."

"पोचली का?" मी विचारलं. आवाज फुटत नव्हता.

"पोचली. पाय टेकला नाही. उतरायलाच येत नव्हतं तिला, मैदानात तीन चकरा मारल्या, मग मी धरली." वत्सलाने स्टँड लावला, येऊन माझ्याजवळ बसली. "तीस वर्षं मैदानावर ओरडली मी. असा आवाज माझा नाही निघाला कधी."

त्या दोघी शाळेत झोपायला गेल्या नाहीत. पाळीच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडाला लागूनच, मच्छीमार सोसायटीची खोली होती. सूर्य मावळायच्या आत आचलच्या आत्याने स्वतः आणून दिलेले पोहे आम्ही तिघींनी खाल्ले. कांदा नव्हता. वत्सला प्रत्येक घासाला त्याची आठवण काढत होती. बाकी ती माझ्याशी नेहमीसारखंच बोलली, पण मध्ये मध्ये थांबून मला पाहायची, जणू इतकी वर्षं घरात असलेल्या पेटीला आणखी एक कप्पा सापडला होता.

आचल वडशाला गेली, पण चार वर्षांनी, कॉलेजसाठी. आत्याकडेच राहिली.

नागपूरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी माताजींकडे गेले. खाली बसून सगळं सांगितलं आणि प्रायश्चित्त मागितलं. माताजी वयाने माझ्याहून लहान. अनवाणी शेकडो कोस चाललेल्या. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"मुलगी पडली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि ते समोरून आले नसते, तर झाड ओलांडलं असतंस?"

"ओलांडलं असतं."

"मग मोडलं कुठे, असं तुला वाटतं?"

"ओरडले तिथे."

"नाही." त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या पक्ष्यांपाशी मोडलं. तुझी हद्द तू तुझ्यासाठी घेतलीस, पण बांधून ठेवलंस त्या दोघींना. त्यांना ठाऊकही नसताना. त्या मुलीलासुद्धा. न बोलणं म्हणजे संयमच असतो असं नाही, चंदना. पुष्कळदा तो मान असतो, आपलाच अहंकार."

वत्सलाचा तो देवी व्हायचा प्रश्न आणि हे एकच होतं, फक्त माताजींनी तो मऊ करून दिला होता.

"ओरडण्याबद्दल एक उपवास कर," त्या म्हणाल्या. "आणि गप्प राहण्याबद्दल सहा महिने. रोज सकाळी हद्द घेशील ती मनात घ्यायची नाही. मोठ्याने, त्या मैत्रिणीला सांगून घ्यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वत्सलाला फोन लावला. त्या चार दिवसांनी तिचा गुडघा धरला होता, डॉक्टरांनी सायकल बंद केली होती, म्हणून आमचं भेटणं थांबलं होतं.

"वत्सला, आज मंदिर, बाजार आणि लेकीचं घर."

"बरं. मग?"

"मग काही नाही. सांगायचं होतं."

"चंदना, पावणेसहा वाजलेत." तिने फोन ठेवला.

आठवडाभर असंच चाललं. मग एक दिवस मी म्हटलं, आज मंदिर आणि बाजार, तर ती म्हणाली, "लेकीचं घर काऊन नाही? भांडण झालं?" भांडण झालं होतं. मी ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. पाऊण तास बोललो आम्ही, बाजार राहून गेला. पुढे ती तिच्या गुडघ्याचं सांगायला लागली, सुनेचं सांगायला लागली. मला कधी कधी तिला म्हणावं लागायचं, अगं, माझी हद्द तरी घेऊ दे.

सहा महिने संपले. त्या सकाळी मी पाठ केला, जुन्या सवयीने मनातच हद्द घेतली आणि दूध तापत ठेवलं.

सहा वाजता फोन वाजला.

"झोपली होतीस का?" वत्सला म्हणाली.

"नाही गं. प्रायश्चित्त कालच संपलं."

"ते तुझं संपलं असेल. मी इथं चहा गार करून बसून राहिली. बोल लवकर."

मी गॅस बंद केला आणि बोलले.